बसून एक

मोबाइल ठेवा आधी बाजूला. भुताची गोष्ट हवी म्हणता आणि डोळे त्या पाटीत घालून बसता. आणि मधे मधे "मामा, हे खरं का?" असं विचारायचं नाही. खरं आहे. खोटं बोलायचा पगार मला कधी मिळाला नाही. ज्याला मिळायचा, त्याचीच ही गोष्ट आहे.

माझा थोरला साडू. तुमच्या मामीच्या बहिणीचे यजमान. नात्याने मोठा, म्हणून समोर अहो-जाहो करायचो, पाठीमागे तो. विमानात केबिनचा प्रमुख होता. म्हणजे चहा द्यायचा, पण अशा तोऱ्यात की जणू विमान यानेच विकत घेतलंय. घरात आम्ही त्याला हवाईसुंदर म्हणत असू. त्याचे पाय कधी जमिनीवर नसायचे, आणि त्यात विमानाचा काही दोष नव्हता.

मी त्याच कंपनीत, पण खाली. विमानात माणसं किती, सामान किती, याचा कागद मी करायचो. तेव्हा आमच्याकडे एक फेरी होती. नंबर एकच आणि गावं सहा. पहिल्या गावाहून संध्याकाळी सव्वासहाला निघायची, मधली चार गावं करत रात्री अकरा पस्तीसला शेवटच्या गावी टेकायची. तिकिटावर शेवटपर्यंत तोच नंबर, विमान तेच, खुर्ची तीच. आम्ही तिचं नाव दारोदार ठेवलं होतं. प्रत्येक दारात वीस-पंचवीस मिनिटं थांबायची. काही उतरायचे, काही चढायचे, आणि लांबचे असतील ते आपापल्या जागी बसून राहायचे. त्यांना आमच्या बोलीत 'बसून'च म्हणत. उतरून पाच, चढून सात, बसून बारा. दरवाजा लावण्याआधी हातातल्या टिकटिक यंत्रावर डोकी मोजायची, आणि आकडा कागदाशी जुळल्याशिवाय विमान हलायचं नाही.

साडूला या फेरीचा मनस्वी तिटकारा होता. "ही काय विमानात बसणारी माणसं?" म्हणायचा. "पिशवी मांडीवरून सोडत नाहीत. एक दिवस शेतातून हात करून विमान थांबवतील." त्याला जायचं होतं परदेशच्या मोठ्या विमानावर, जिथे एकदा उडालं की बारा तास मधे कुणाचं तोंड बघावं लागत नाही. साहेबांनी अट घातली होती. सहा महिने तुझ्या केबिनमुळे फेरीला एक मिनिटही उशीर नको. पाच महिने एकोणतीस दिवस निभावले होते. एक रात्र उरली होती. मंगळवार, तारीख सोळा.

त्या संध्याकाळी पहिल्या गावाहून एक म्हातारी चढली. नवव्या रांगेत, खिडकीशी. आयुष्यात पहिल्यांदा विमान बघत होती. शेवटच्या गावी तिची लेक होती, दिवस भरत आलेले. मी माझा कागद द्यायला वर गेलो होतो, तेव्हा मला म्हणाली, "लेकीजवळ कुणी नाही हो. बाळंतपणाआधी पोचायला हवं." मी म्हटलं, पोचाल. तेवढंच बोलणं झालं.

पहिल्या थांब्यावर विमान टेकलं आणि म्हातारी उठून उभी राहिली. "आलं का?"

"नाही आजी. बसा."

दुसऱ्या थांब्यावर पुन्हा उठली, पिशवीसकट. "बाळा, आलं का?"

आता बघा, नंबर एक म्हणजे गाव एक, असं तिला वाटलं तर तिचं काय चुकलं? पण साडूच्या कपाळाला आठ्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आजी, हे विमान आहे, टांगा नाही. मी सांगेन तेव्हाच उठायचं. तोवर बसून! कळलं? बसून!"

दोघे-तिघे हसले. हसणारेही तसलेच, पिशवी मांडीवर घेतलेले. म्हातारी ओशाळली, बसली, आणि मग तिसऱ्या थांब्यावर उठली नाही. फक्त हात जरासा वर केला.

"बाळा, छातीत कसंतरीच होतंय. जरा खाली उतरून वारा घेऊ का?"

"उतरलात तर विमान जाईल. बसून राहा."

मग चौथा थांबा आला. या गावात मोठं रुग्णालय आहे. धावपट्टीच्या फाटकाशी रुग्णवाहिका उभी असते, डॉक्टर दहा मिनिटांत येतो. या थांब्यावर म्हातारीने काहीच विचारलं नाही. साडू मोजत मोजत नवव्या रांगेशी आला. तिचं डोकं खिडकीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. दोनदा हाक मारली. हाताला हात लावला. हात गार.

त्याने काय केलं? घड्याळात पाहिलं. दहा एक्केचाळीस. डॉक्टर बोलवायचा म्हणजे तासभर गेला, पोलीस, जबाब, आणि सहा महिने पाण्यात. त्याने तिच्या अंगावरचं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. मागून ताई येत होत्या. या ताई म्हणजे केबिनमधल्या दुसऱ्या बाई, त्याच्याहून जुन्या. त्यांना म्हणाला, "झोपल्यात. उठवू नका." आणि अंगठ्याने यंत्र दाबलं. टिक. बसून आठ. कागदाशी जुळलं. दहा पंचेचाळीसला दरवाजा लागला. अगदी वेळेवर!

शेवटच्या गावी पोचल्यावर यानेच आरडाओरडा केला, डॉक्टर बोलावला. लेक बाहेर दारात, एका हाताने पोट सावरत उभी. तिला म्हणाला, "झोपेतच गेल्या हो. आमच्या हातात काय होतं?" डॉक्टरने मात्र याला बाजूला घेतलं. म्हणाला, "वीस-पंचवीस मिनिटंच झालीत. मागच्या गावी कुणाच्या लक्षात आलं असतं तर वाचल्या असत्या."

म्हणजे कळलं ना? पांघरूण ओढलं तेव्हा ती जिवंत होती. गार हात जिवंत माणसाचाही असतो. पण बघायची इच्छा लागते.

तुम्हाला वाटेल, याला झोप लागली नसेल. छान लागली. आठवड्यात साहेबांचं पत्र आलं, याने घरी पेढे वाटल्यासारखं ते पत्र सगळ्यांना वाटलं. मलाही दाखवलं. म्हातारी त्याच्या विमानात गेल्याचं कानावर आलं होतं, तरी मी तोंडदेखलं अभिनंदन केलं. मी तरी कुठला शूर लागून गेलोय!

परदेशी रुजू व्हायच्या आधी दारोदारवरची त्याची शेवटची पाळी. शनिवार, तारीख सत्तावीस. कागद घेऊन मी वर गेलो तेव्हा शीळ घालत होता. नववी रांग त्या दिवशी अख्खी रिकामी होती, तसं माझ्या कागदावरच होतं.

पहिल्या थांब्यावर त्याने मोजलं. कागदावर बसून अकरा. यंत्रावर बारा.

अंगठा दोनदा पडला असेल, म्हणाला. पुन्हा मोजलं. बारा. ताईंना मोजायला लावलं. त्यांचे अकरा आले.

"चष्मा बदला, साहेब," ताई म्हणाल्या.

त्याने अकरा लिहिलं. दुसऱ्या थांब्यावर तेच. तिसऱ्या थांब्यावर तो मोजताना प्रत्येक डोक्याकडे नीट बघत गेला. नववी रांग रिकामी. खिडकीशी कुणी नाही. तरी शेवटी आकडा एकने जास्त. ताईंचा बरोबर.

आता शीळ थांबली होती.

चौथा थांबा. रुग्णालयाचं गाव. बाहेर धुकं, फाटकाशी रुग्णवाहिकेचा दिवा. कागदावर बसून नऊ, चढून कुणी नाही. त्याने यंत्र खिशात टाकलं आणि बोटांवर मोजलं. मागून सुरुवात केली. बारावी रांग, दोन. अकरावी, एक. दहावी, एक... नववीशी त्याचं बोट आपोआप दुमडलं. त्याने ते सरळ केलं. ते पुन्हा दुमडलं.

"किती?" ताईंनी विचारलं.

"नऊ."

"मग एवढा घाम कसला आलाय?"

त्याने दरवाजा लावला. दहा पंचेचाळीस.

शेवटची उडी पन्नास मिनिटांची. केबिनमधले दिवे मंद. माणसं पेंगत होती. अकरा वाजून पाच मिनिटांनी बोलावण्याची घंटी वाजली. टिंग. वर दिवा लागला... नववी रांग.

ताई मागे होत्या. हा पुढे. याला जावं लागलं.

खुर्ची रिकामी. पांघरूण नव्हतं, पिशवी नव्हती, काही नव्हतं. त्याने दिवा बंद केला. वळला.

टिंग.

पुन्हा बंद केला. दोन पावलं टाकली...

मागून. अगदी हळू. ओशाळल्या आवाजात.

"बाळा... आलं का?"

तो वळला नाही. वळायची छाती लागते, आणि ती याच्याकडे कधीच नव्हती. पुढे आला. आपल्या घडीच्या खुर्चीवर बसला, पट्टा लावला. ही खुर्ची उलट्या तोंडाची असते. समोर सगळे प्रवासी दिसतात. नववी रांगही.

त्याने डोळे मिटले.

टिंग...

टिंग...

मग थांबलं. थांबलं ते जास्त वाईट होतं, असं तो म्हणाला. कारण आता कुणीतरी शहाण्यासारखं बसून होतं. याने सांगितल्यासारखं. याच्या "आलं" म्हणण्याची वाट बघत.

त्याला म्हणता आलं नाही.

अकरा पस्तीसला चाकं टेकली. दरवाजा उघडला. हा दारात उभा, मान खाली, उतरणाऱ्यांची फक्त पावलं बघत. बूट. बूट. चपला. बूट. मनात आकडा. सात. आठ. नऊ.

संपले.

मग वाऱ्याचा एक झोत आतून बाहेर गेला. आतून. त्याच्या बाहीला घासून.

खाली जिन्याशी कागद घेऊन उभा असलेल्या कारकुनाने वर बघून ओरडून म्हटलं, "ओ, तुमच्या कागदात घोळ आहे. नऊ लिहिलेत, उतरले दहा."

"नऊच..."

"दहा! ती म्हातारी शेवटी आली ना! जिन्याशी घुटमळत होती. मला विचारते, आलं का? मी म्हटलं, आलं की आजी. उतरा सावकाश."

साडूने बाहेर बघितलं. फरशीवर नऊ माणसं चालत होती.

"गेली कुठे?" त्याने विचारलं.

कारकुनाने मागे वळून पाहिलं. मग पुन्हा वर पाहिलं.

हे सगळं साडूने मला एकदाच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, माझ्या टेबलासमोर उभा राहून. परदेशी तो गेला नाही. राजीनामा दिला. लोकांना सांगतो, गुडघे गेले. त्या लेकीला जाऊन खरं सांगा, असं मी त्याला म्हटलं होतं. नाही सांगितलं. आजवर नाही. भूत बघूनही माणूस सुधारत नाही, तो फक्त घाबरतो.

पण त्या रात्री, कारकून गेल्यावर, तो आत परत गेला होता. का, ते त्यालाही माहीत नाही. नवव्या रांगेशी थांबला आणि खिडकीशेजारच्या खुर्चीवर हात ठेवला.

विमान ते अजून उडतं. गादी तीनदा बदलली. त्या खुर्चीवर आता कुणाला बसवत नाहीत, कागदावर तिला नादुरुस्त लिहितात. निवृत्तीपर्यंत मीच लिहीत होतो. कडाक्याच्या थंडीत कधी विमान आमच्याच गावी रात्रभर उघड्यावर राहायचं, सकाळी आत खुर्च्यांच्या दांड्यांवर दव जमलेलं असायचं. मी वर जायचो. आठवी रांग, बर्फ. दहावी रांग, बर्फ. मग नववीवर तळवा टेकवायचो...

उबदार. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.