तोंडात टाचण्या असताना

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनाही पुढे घ्या. आज एक प्रेमाची गोष्ट सांगते. तिच्यात देव शोधायला लांब जावं लागणार नाही, एवढा शब्द देते.

एक शिंपी होता. तो गेला आणि मागे राहिलं त्याचं दुकान, ते चालवणारी लेक आणि बटण्या नावाचं कुत्रं. शिंपी होता तोवर बटण्या त्याच्या पायाशी इतका निमूट बसायचा, की गिऱ्हाइकांना ती उशीच वाटायची. तो गेल्यावर मात्र कुणाचं ऐकेना. एकदा तर सुटून थेट बसच्या पुढ्यात... थोडक्यात वाचला.

"महिनाअखेरपर्यंत ऐकायला शिकला तर ठेवू," लेकीचा दादा म्हणाला. "नाहीतर गावाबाहेर माझ्या मित्राकडे."

"दादा, बाबांच्या मागे तोच तर उरलाय!"

"म्हणूनच म्हणतो. त्याला चाकाखाली बघवेल तुला?"

दुसऱ्या दिवशी ती त्याला बागेत घेऊन गेली. "बस! बटण्या, बस! अरे बस म्हणते ना!"

बटण्या सुसाट पळाला आणि समोरून येणाऱ्या एका तरुणाच्या शर्टाची बाही धरून लोंबकळला. टर्रकन आवाज आला. तरुण शांतपणे बाकावर टेकला.

"लागलं का हो?"

"नाही. तुम्ही इतक्यांदा 'बस' म्हणालात, की मलाच राहवेना."

ती ओठ दाबून हसली. "चेष्टा पुरे. बाही द्या, शिवून देते."

"द्या. मी याला शिकवून बघतो. कुत्री शिकवणं हाच माझा धंदा."

मग तो रोज सकाळी बिस्किटांचा डबा घेऊन दुकानात येऊ लागला.

"एकदाच सांगायचं आणि गप्प राहायचं. जमेल?" तो तिला विचारायचा.

"तुम्ही जमू द्याल तर!"

बटण्या बिस्कीट खायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. तरुण चिडायचा नाही. फरशीवर बसून, तळहात उघडा ठेवून, नुसती वाट बघायचा. ती मशीन चालवता चालवता त्या तळहाताकडे बघायची... आणि शिवण वाकडी जायची. अहो, मुक्या जिवासाठी जो असा जमिनीवर बसतो, त्याच्याकडे मन झुकणारच. वाट बघणं हीसुद्धा भक्तीच की.

महिना संपत आला. "मी हरलो," तो खाली मान घालून म्हणाला. "दादांना काय सांगू?"

ती पाठ फिरवून, तोंडात टाचण्या धरून, एका झग्याची किनार लावू लागली. तेवढ्यात बटण्या उठला आणि उघड्या दारातून रस्त्याकडे निघाला. टेम्पो येत होता. ओरडावं तर तोंडात टाचण्या! तिने हातातली लाकडी पट्टी टेबलावर हाणली.

टक्!

बटण्या उंबऱ्यावरच बसला.

तरुण हळूच म्हणाला, "एका ठोक्याला बसतो... आता दोनदा वाजवा बरं."

टक्, टक्. बटण्या धावत आला आणि तिच्या पायाशी उशीसारखा पडला.

तिने टाचण्या काढल्या. "बाबांच्या तोंडात दिवसभर टाचण्या असायच्या... ते बोलणार कसे? आम्हाला वाटायचं, कापड सारखं करायला पट्टी आपटतात."

"आणि हा इतके दिवस पट्टीची वाट बघत होता."

संध्याकाळी दादा आला. त्याने स्वतः पट्टी उचलली, एकदा वाजवली. बटण्या बसला. दादाने पट्टी तिच्या हातात दिली. "राहू दे त्याला," म्हणाला आणि घाईघाईने घरी गेला.

तरुणाने डबा बंद केला. "मग... माझं काम संपलं."

"हं."

तो दाराशी जाऊन चपला घालू लागला. तिने पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या होत्या, रडू फुटू नये म्हणून. पण हात कुठे ऐकतो? टक्!

बटण्या बसला. आणि एका पायात चप्पल, एक पाय मोकळा, असा तोही उंबऱ्यावर बसला.

"तुम्हाला नव्हतं हं..." ती टाचण्यांमधून पुटपुटली.

"असू दे. पण आणखी दोनदा वाजवलीत, तर मी जाणार नाही."

तिने एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या उशीत खोचली. सावकाश. मग खाली बघत वाजवली — टक्... टक्.

आज त्या दुकानात चौघं आहेत. चौथी अजून रांगते, आणि पट्टी वाजली की तीही बसते. तर बाळांनो, घरी जाल, कुणाला हाका माराल आणि ते येणार नाही. तेव्हा आवाज चढवण्याआधी एकवार माझ्या त्या शिंप्याला आठवा. तोंडभर टाचण्या, हातात पट्टी, आणि पायाशी बटण्या.