रोज एकच पुडी

"काका, मेलेला मासा परत जिवंत होतो का?"

टकळीने प्रश्न विचारला आणि मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हसू फुटलं असतं. दुकानाच्या दारात ढापणी आणि लंबू एकमेकांना चिमटे काढत उभे होते. पैज लंबूची होती. "अगदी असाच विचारायचा. नाही विचारलास तर सुट्टीभर माझी सायकल तू पुसायची."

गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. मग शाळेच्या नाटकात ऐन वेळी कुणीतरी आजारी पडलं, बाईंनी हिला पुढे ढकललं, आणि जी जीभ सुटली ती सुटलीच. टकळी हे नाव तेव्हाचं.

दुकानदार टाकीतला पंप पुसत होता. हे दुकान पाळायच्या माशांचं, त्यामुळे असले प्रश्न त्याला नवे नसावेत.

"होतो की," तो मान वर न करता म्हणाला. "प्लॅस्टिकच्या पिशवीत बसून येतो."

दारातली खुसखुस थांबली.

खरं तर प्रश्न गमतीचा नव्हताच. टकळीच्या वरच्या मजल्यावर बाइंडर आजोबा राहायचे. आयुष्यभर पुस्तकं शिवलेला माणूस. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ते दहा आठवडे मुलीकडे गेले होते आणि घराची किल्ली टकळीच्या आईबाबांकडे ठेवून गेले होते. किल्लीबरोबर सोपवला होता फौजदार. फौजदार म्हणजे नऊ वर्षांचा, तळहाताएवढा सोनमासा. आजींनी आणलेला. आजी गेल्या, फौजदार राहिला. काचेला बोट लावलं की तो ऐटीत गस्तीला यावा तसा कोपऱ्यात यायचा.

काल तो आला नाही. बोट दिसताच पळाला. आणि ढापणीने आपली चित्रवही उघडून दाखवली. सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात तिने फौजदाराचं चित्र काढलं होतं, त्यात काळा डाग डाव्या गालावर होता. टाकीतल्या माशाचा डाग उजव्या गालावर.

"तू आरशात बघून काढलंस का?" लंबूने विचारलं होतं.

"मासा आरशात कोण बघतं रे, शहाण्या?"

आता दुकानदार हात पुसून पुढे आला. "गेल्या बुधवारी एक गृहस्थ आले होते. फोनवर फोटो होता. 'डिट्टो असाच पाहिजे' म्हणाले. अर्धा तास चष्मा वर-खाली करत होते बिचारे. खिशाला पेनांची रांग. लाल, निळं, काळं, हिरवं."

ढापणीने एकदम बुटांकडे पाहिलं. लंबूला अचानक छतावरचा पंखा बघावासा वाटला.

चार रंगांची चार पेनं. नकाशांच्या कचेरीत काम करणारे टकळीचे बाबा त्या पेनांशिवाय जिन्यातसुद्धा जात नसत.

"मासे मरतात कशाने?" टकळीने विचारलं. या वेळी कुणी पैज लावली नव्हती.

"पाणी कसं दिसत होतं?"

"दुधाळ."

"मग लाडाने. उपाशी मासा आठवडाभर तग धरतो. भरमसाट घातलं की उरलेलं सडतं आणि पाणीच त्याला मारतं."

तिघं धावतच परतली. किल्ली खिळ्यावर होती, आईबाबा कामावर. आजोबांच्या खोलीत डिंकाचा आणि जुन्या कागदाचा वास होता. टाकीशेजारी पत्र्याचा डबा. जाताना आजोबांनी पुस्तकांच्या कापलेल्या कडांच्या कागदात माशाच्या खाण्याच्या सत्तर पुड्या बांधून त्यात ठेवल्या होत्या आणि झाकणावर लिहिलं होतं, 'रोज एकच पुडी. विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घालू नका.'

"आजोबांना जाऊन चाळीस दिवस झाले," ढापणी म्हणाली. "म्हणजे तीस उरायला हव्यात."

डब्यात दोन होत्या.

लंबूने खालची कचऱ्याची टोपली उपडी केली. रिकाम्या पुड्यांचे कागद सळसळत फरशीवर पसरले. टकळी उकिडवी बसली आणि बघतच राहिली. कागद दोन तऱ्हेचे होते. काही चार घड्या घालून, नखाने दाबून सपाट केलेले. बाकीचे चुरगळलेले बोळे.

तिची आई बसचं तिकीटसुद्धा चार घड्या घालून टाकायची. आणि बाबांच्या हातात आलेला प्रत्येक कागद बोळा होऊनच बाहेर पडायचा.

"दोघंही," लंबू हळूच म्हणाला. "सकाळी एक, संध्याकाळी एक. पण मग एकमेकांना सांगायला काय झालं होतं?"

टकळी एकेक बोळा उलगडत राहिली. टकळी गप्प बसली की तिच्या दोस्तांना धडकी भरायची.

सांगायला झालं होतं ते असं. महिनाभर तिच्या घरात अबोला होता. "बाबांना सांग, जेवण झाकून ठेवलंय." "आईला सांग, मला उशीर होईल." हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये टकळी फिरत होती. चार आठवड्यांपूर्वी आई म्हणाली होती, "बाबांना सांग, माशाचं मी बघते." त्याच दिवशी बाबा म्हणाले होते, "आईला सांग, माशाला मी घालतो." टकळीने दोन्ही निरोप खिशात घातले आणि बॅडमिंटन खेळायला पळाली. ते खिशातच राहिले.

संध्याकाळी जेवायच्या टेबलावर तिने दोन कागद ठेवले. एक घडी, एक बोळा.

"फौजदार मेला ना?"

बाबांचा घास हातातच राहिला. आईने आधी कागदांकडे आणि मग, कितीतरी दिवसांनी, बाबांकडे पाहिलं.

"निरोप द्यायला मी विसरले. ते माझं चुकलं," टकळी म्हणाली. "पण पुड्या भराभर संपतायत, हे दिसलं नाही कुणाला?"

"दिसलं," बाबा म्हणाले.

"मलाही," आई म्हणाली.

"मग विचारलं का नाही?"

आईने ताटातली वाटी उगाच सरकवली. टकळीनेच पुढे विचारलं.

"कुठे ठेवलंत त्याला?"

"वर्तमानपत्रात गुंडाळून... कचऱ्यात," बाबा म्हणाले. मग घाईने पुढे, "हे बघ, आजोबांना काही बोलायचं नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झालेला माणूस. डाग डावीकडे की उजवीकडे, काय कळणार आहे त्यांना?"

"बाबा बरोबर बोलतायत," आई म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाला उगाच कशाला दुखवायचं?"

महिनाभरात दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं, आणि तेही खोटं बोलण्यावर. टकळीला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. ती किल्ली घेऊन जिन्यात गेली. तिथे पायरीवर ढापणी आणि लंबू बसून होते, घरी न जाता. ढापणीने न विचारताच आपल्या आईचा फोन पुढे केला.

टकळीने आजोबांना फोन लावून सगळं सांगितलं. खिशातले निरोपसुद्धा.

"डोळे नवे करून घेतले, ते त्यालाच नीट बघायला," आजोबा म्हणाले. "आमची ही, तुमची आजी, त्याला रोज बोट दाखवायची. गेल्या दोन वर्षांत मला तो नुसता लाल ठिपका दिसायचा. कुठे पुरलंत त्याला?"

तिने खरं ते सांगितलं.

"तू सांगितलं नसतंस तरी मला कळलं असतं, पोरी. पण मग तुमच्या घरी पुन्हा पाऊल टाकवलं नसतं मला." मग ते म्हणाले, "त्या नव्या माशाचा काही दोष नाही. पाणी थोडं थोडं बदल. पुड्या नव्या बांध. आणि किल्ली खिळ्यावर नको आता. तुझ्याकडे ठेव. तुमच्या घरात त्या किल्लीला शोभेल असं एक माणूस निघालं, एवढं पुरे."

लंबूने तिच्या पाठीवर थाप मारली, पण हळू. ढापणीने चष्मा काढून फ्रॉकला पुसला, बराच वेळ.

टकळी घरात परतली तेव्हा आई स्वयंपाकघरात होती आणि बाबा हॉलमध्ये.

"तुझ्या आईला विचार," बाबा म्हणाले, "उद्या सकाळी ती..."

टकळी हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या उंबऱ्यावर थांबली. दोघांनाही दिसेल अशी.

"आजोबांना मी सांगितलंय. वरची किल्ली आजपासून माझ्याकडे. माशाला मी एकटी घालणार, रोज एकच पुडी." तिने किल्ली आपल्या खिशात टाकली. "आणि तुमचे निरोप मी पोचवणार नाही. आजपासून एकही नाही. मीठ हवं असलं तरी एकमेकांनाच मागा."