संबंध नसल्याची नोंद

दर तीन महिन्यांनी, एका शनिवारी सकाळी अकरा वाजता, गरजूंना अनुदान देणाऱ्या एका प्रतिष्ठानच्या विश्वस्तांची बैठक भरत असे. जागा एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. खाली चष्म्यांचे दुकान. लांबट टेबल, सहा खुर्च्या, लोखंडी कपाट आणि एकच खिडकी. विश्वस्त चौघे होते आणि कुणालाही मानधन नव्हते. चहासुद्धा ज्याचा त्याने आणायचा. "फुकटची कामं आणि विकतचा चहा," असे प्राध्यापक दर बैठकीला म्हणत, आणि छापखानेवाले काका दर बैठकीला पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसत.

चौघांत डॉक्टर सर्वांत नव्या, तरी त्यांनाही आता सात वर्षे झाली होती. रक्त आणि ऊती तपासण्याची प्रयोगशाळा तीस वर्षे चालवून त्या निवृत्त झाल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी स्वतः पाहिल्याशिवाय त्यांनी आयुष्यात एकाही अहवालावर सही केली नव्हती. इथेही अर्ज पूर्ण वाचल्याशिवाय त्या मत देत नसत, आणि त्यापायी बैठक लांबली की अध्यक्षस्थानी बसलेले वकीलसाहेब घड्याळाकडे पाहत.

प्रतिष्ठानच्या संस्थापकांनी घालून दिलेला एक नियम मात्र सगळे काटेकोर पाळत. अर्जदाराशी ज्याचा काही संबंध असेल, त्याने तसे सांगून समोरच्या लहान खोलीत जाऊन बसायचे. संबंध कोणता, हे कुणी विचारायचे नाही. संबंध नसलेला एक जरी विश्वस्त उरला, तरी त्याने निर्णय द्यायचा. एकही उरला नाही, तर तो अर्ज पुढच्या बैठकीपर्यंत थांबायचा, आणि एक अर्ज थांबला की त्या फेरीतले सगळेच थांबायचे. आजवर तशी वेळ कधी आली नव्हती.

या शनिवारी दोनच अर्ज होते आणि अनुदान एकालाच मिळणार होते. पहिला अर्ज कर्णबधिर मुलांच्या शाळेचा. डॉक्टर स्वतः तिथे जाऊन आल्या होत्या. तेवीस मुले एका लाकडी टेबलावर तळवे टेकून ढोलाचा ताल हातांनी ऐकत होती, आणि त्यांच्या डोक्यावरच्या छताला टेकू दिलेले होते. महिनाअखेरीपर्यंत छत दुरुस्त झाले नाही तर इमारत रिकामी करा, अशी नोटीस शाळेला आली होती. मुख्याध्यापिका म्हणाली होती, "डॉक्टर, एकदा पांगली ना ही मुलं, की परत गोळा होत नाहीत. घरी कुणी बोलत नाही त्यांच्याशी." ते वाक्य डॉक्टरांच्या मनातून जात नव्हते.

दुसरा अर्ज एका पानाचा होता. वकीलसाहेबांनी लिफाफा फोडला आणि नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "विषय, राहत्या घराची दुरुस्ती. जिन्याच्या तिसऱ्या पायरीपाशी कठडा हवा. तिथे वळताना तोल जातो."

छापखानेवाल्या काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझा संबंध आहे," ते म्हणाले आणि उठले.

"काका, नातेवाईक तरी किती तुमचे!" प्राध्यापक म्हणाले. "उरलेल्या गावाची एक यादी करून द्या आम्हाला, सोपं पडेल."

काका हसले नाहीत. दार लागले.

डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकली. मागच्या बैठकीत शाळेचा विषय नुसता निघाला, तेव्हाही अनुदान द्यायला एकट्या काकांचा विरोध होता. छत ही सरकारची जबाबदारी, आपली नव्हे, असे त्यांचे म्हणणे. आता त्याच फेरीत हा एकपानी अर्ज यावा, हे त्यांना खटकले.

"मागच्या बाजूच्या पाण्याच्या हौदावर झाकण हवं," वकीलसाहेब वाचत होते. "लहान मुलाला उचलता येणार नाही, इतकं जड."

प्राध्यापकांच्या हातातला कप बशीवर टेकला तो जरा जोरातच. "माझाही," ते म्हणाले आणि कुणाकडेही न पाहता बाहेर गेले.

"हे काय चाललंय?" डॉक्टरांनी विचारले.

"नियम आहे," वकीलसाहेब म्हणाले. पण पुढची ओळ त्यांनी मोठ्याने वाचली नाही. त्यांचे डोळे कागदावर थांबले. चेहऱ्यावर काही दिसले नाही. कोर्टात आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी कागद पालथा घातला आणि तो टेबलावरून डॉक्टरांपुढे सरकवला.

"मलाही जावं लागेल, डॉक्टर. निर्णय आता तुमच्यावर."

खोलीत डॉक्टर उरल्या आणि नोंदवही घेऊन बसलेल्या चिटणीसबाई.

"हा अर्ज आणला कुणी?"

"पेटीत होता. सोमवारी उघडली तेव्हा नव्हता, गुरुवारी होता."

डॉक्टरांनी कागद न उलटता तो बोटांत धरून पाहिला. जाडसर, पिवळट, कडेला प्रतिष्ठानचे जुने बोधचिन्ह. काकांच्याच छापखान्याचा. तिघांनी ठरवून डाव टाकला, हे त्यांना आता जवळजवळ पटले. त्या उठल्या आणि समोरच्या खोलीत गेल्या.

ठरवून आलेली माणसे कुजबुजत असतात. हे तिघे तीन भिंतींना तीन खुर्च्या टेकवून बसले होते, एखाद्या दवाखान्यात अनोळखी माणसे बसतात तसे.

"तुम्ही आपसात ठरवून उठलात का?"

"विचारायचं नसतं, डॉक्टर," वकीलसाहेब म्हणाले.

"मी संबंध विचारत नाहीये. काका, कागद तुमचा आहे."

"छापखाना विकून मला नऊ वर्षं झाली," काका म्हणाले. "तो कागद त्याच्याही आधी संपला."

"मग हा कुठून आला?"

डॉक्टर परत वळल्या. त्या दाराशी पोहोचल्यावर प्राध्यापकांचा आवाज आला, अगदी हलका. "बाई, शेवटपर्यंत वाचू नका. नुसतं नामंजूर लिहा. शाळेला पैसे द्या आणि घरी जा."

ते ऐकून त्यांचा संशय उलट पक्का झाला. न वाचता सही करायला त्यांना आजवर कितीतरी जणांनी सांगितले होते, आणि दर वेळी आत काहीतरी लपवलेले होते.

त्यांनी खुर्चीत बसून कागद उलटा केला. अक्षर सुबक, कुणाचेही असू शकेल असे. कठडा. हौदाचे झाकण. मग वकीलसाहेबांनी न वाचलेली ओळ: पुढच्या खोलीत टेलिफोन हवा, आणि तो वाजला तर कुणीतरी उचलावा. त्यात भिण्यासारखे काय होते? वेडपट माणसाचा अर्ज, एवढेच. त्या पुढे वाचू लागल्या.

आतल्या खोलीत पलंग हवा. खिडकीला जाड पडदा. तापात उजेड सोसत नाही. आणि शेवटी: खोलीच्या दाराला बाहेरून कडी नसावी.

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला.

त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि बहीण सहा. तिला चार दिवसांचा ताप होता. आई औषध आणायला गेली होती आणि हिच्याजवळ बसून राहा, असे सांगून गेली होती. बहीण सारखी उठून मागे येत होती, म्हणून त्यांनी बाहेरून कडी लावली आणि शेजारच्या मैत्रिणीकडे गेल्या. अर्ध्या तासाने येऊन त्यांनी कडी काढली. बहीण दाराला टेकून बसली होती. त्यांनी तिला उचलून पलंगावर ठेवले, पांघरूण घातले. ती झोपेतच गेली, असे सगळे धरून चालले. पुढे वैद्यकशास्त्र शिकताना त्यांनी तो आजार पुस्तकात शोधून काढला होता. ती कशीही वाचली नसती, हे स्वतःला शंभरदा सिद्ध करून दाखवले होते. कडीचे मात्र त्यांनी कुणालाही सांगितले नव्हते. आईला नाही, नवऱ्याला नाही, कुणालाच नाही. समोरच्या खोलीतले तिघे आपापल्या ओळीपाशी का उठले, हे आता त्यांना कळले.

"डॉक्टर?" चिटणीसबाईंनी विचारले. "काय नोंद करू?"

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचे शटर वर ढकलले. डॉक्टरांना टेबलावर टेकलेले तेवीस जोड तळवे दिसले. संबंध आहे, असे म्हणायचे, समोरच्या खोलीत चौथी खुर्ची भिंतीला टेकवायची, आणि तीन महिन्यांनी रिकाम्या शाळेचा अर्ज पुन्हा वाचायचा. हा एक मार्ग होता, आणि तोच नियमाचा होता.

"इकडे आणा वही."

त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले: माझा अर्जदाराशी काहीही संबंध नाही. अर्ज नामंजूर. शाळेस अनुदान मंजूर.

खाली सही केली. आयुष्यातली पहिली खोटी सही.

तिघे परत आले. काका त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

"वाचलंत?"

"वाचलं."

"आणि राहिलात?"

त्यांनी मान हलवली. काकांनी चष्मा उचलला आणि ते खुर्ची थोडी पलीकडे सरकवून बसले.

घरी आल्यावर डॉक्टरांनी शाळेत फोन केला. मुख्याध्यापिका रडली, हसली, पुन्हा रडली. सुतार सोमवारपासून कामाला लागणार होते. फोन ठेवल्यावर त्यांना बरे वाटले. खरोखर बरे वाटले.

चार वाजता त्यांनी आईला फोन लावला. आई डॉक्टरांच्या धाकट्या भावाकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत असे. वय अठ्ठ्याऐंशी, पण बुद्धी लखलखीत, फोन उचलताच नुसत्या श्वासावरून लेकीला ओळखून ती "जेवलीस का गं?" म्हणायची. एकदाही चुकली नव्हती.

घंटा बराच वेळ वाजली.

"आई, मी बोलतेय."

पलीकडून पडदा ओढल्यासारखा कड्यांचा आवाज.

"आई? ऐकू येतंय ना?"

"हळू बोला हो," आई कुजबुजली. आवाज आईचाच होता, पण तीस वर्षांपूर्वीच्या आईचा, किंवा त्याच्याही आधीच्या. "चार दिवसांनी आत्ता कुठे पोरीचा डोळा लागलाय."

डॉक्टरांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"नंबर चुकला असेल, बाई," आई समजुतीच्या सुरात म्हणाली. "मला एकच मुलगी. ती इथे माझ्याजवळ आहे."