एकविसावं पाकीट

"बसा ना," कमलिनी सबनीस तिसऱ्यांदा म्हणाल्या.

मंजूषा दांडेकर बसली नाही. खिडकीपर्यंत गेली, कोलार रोडवरच्या रहदारीकडे उगाच पाहिलं आणि परत टेबलापाशी आली.

"रविवारी अकरा वाजता मला माफी वाचून दाखवायची आहे. सगळ्यांसमोर. नाही वाचली तर खटला."

आज शुक्रवार होता. कमलिनीबाईंनी चष्मा पुसला. पोलिसांच्या हस्ताक्षर तपासणी विभागात सव्वीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता खाजगी तपासाची कामं घेत. कोपऱ्यातल्या खुर्चीत त्यांचे दीर शांताराम वही उघडून बसले होते. ते कारखान्यातून निवृत्त झाले होते. नोंदी नेटक्या ठेवत, पण निष्कर्ष हमखास चुकीचे काढत.

"पहिल्यापासून सांगा. आणि उभ्यानेच सांगा, चालेल."

मंजूषा फिजिओथेरपिस्ट होती. 'विश्रांती' नावाच्या वृद्धनिवासात आठवड्यातून तीनदा जायची. तिथले नरहर काका अर्धांगवायूनंतर तिच्या हाताला धरून चालायला लागले होते. अचानक त्यांना चमचाही उचलवेना. दुपारी तीनला जावं तर जवळजवळ सगळेच गाढ झोपलेले, हलवूनही जागे होत नसत.

"झोपेचं औषध देत होते. मी कचऱ्यात रिकाम्या पट्ट्या पाहिल्या. दोन तारखेला मालकीणबाईंना विचारलं, तर त्यांनी मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. तीन तारखेला मी सरकारी कचेरीत लेखी तक्रार दिली."

"आणि आता बदनामीची नोटीस आली."

"वकील म्हणतात, अधिकाऱ्याकडे प्रामाणिकपणे तक्रार केली तर ती बदनामी होत नाही. कायदा पाठीशी असतो. पण माझी तक्रार बारा तारखेला टपालाने एकवीस नातेवाइकांना गेली. ती मीच पाठवली असं सिद्ध झालं, तर ते संरक्षण गेलं. कमलिनीताई, मी एकही पाकीट पाठवलेलं नाही!"

कमलिनीबाईंनी दोन कागद शेजारी ठेवले. एक मंजूषाची स्वतःची प्रत. तिच्या वरच्या कोपऱ्यात कचेरीचा आवक शिक्का होता. दुसरी नोटिशीला जोडलेली, नातेवाइकांना मिळालेली प्रत. तिच्यावर शिक्का नव्हता, मात्र सहीखाली पेनाने मोबाइल नंबर लिहिलेला होता.

"हा नंबर तुमच्याच अक्षरात आहे?"

"हो. खिडकीवरच्या बाबूंनी माझ्या प्रतीवर शिक्का मारून दिला आणि मग म्हणाले, नंबर राहिला. मी त्यांच्याकडच्या कागदावर लिहिला आणि निघाले."

कमलिनीबाईंनी नातेवाइकांना मिळालेली प्रत उजेडात धरली. वरच्या कोपऱ्यात एक फिकट सरळ रेघ होती. झेरॉक्स काढताना त्या जागी कोणीतरी कोरी पट्टी ठेवली होती.

"नोटिशीत एकवीस जणांची यादी आहे," त्या म्हणाल्या. "भावजी, लिहून घ्या. आपल्याला भटकायचंय."

---

मंजूषाचा नवरा गिरीश मंत्रालयात लिपिक होता. तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये त्याने त्यांना चहा विचारला आणि करायला मात्र विसरला.

"सरकारी नोकरी आहे माझी," तो म्हणाला. "नाव पेपरात आलं तर? मी तिला सांगितलं, माफी मागून मोकळी हो."

"तक्रारीचा फोटो तुमच्या फोनमध्ये आहे?"

त्याची मान खाली गेली. "तिच्या फाइलमधल्या कागदाचा काढला होता. माझ्या भावाला पाठवला, सल्ल्यासाठी. आणखी कोणाला नाही."

त्याने फोटो दाखवला. कोपऱ्यात शिक्का स्पष्ट होता.

जिन्यातून उतरताना शांताराम कुजबुजले, "वहिनी, घरातूनच फुटलं की. भावाने पुढे धाडलं असणार."

"या फोटोत मोबाइल नंबर कुठे आहे, भावजी?"

शांतारामांनी वहीत काहीतरी खोडलं.

'विश्रांती'ची परिचारिका मेघा ड्यूटी संपवून बसस्टॉपवर उभी होती. इंदूरची मुलगी. बोलताना सारखी मागे वळून पाहत होती.

"कसम से, मी कुणाला काही पाठवलं नाही. मी पाठवणार तरी कशी? माझ्याकडे नातेवाइकांचे फक्त फोन नंबर आहेत, भिंतीवर लावलेले. पत्ते मॅडमच्या कपाटात. अ‍ॅडमिशनचे फॉर्म तिथेच असतात, चावी त्यांच्याच पर्समध्ये."

"चौकशीला कोणी आलं होतं?"

"आठ तारखेला त्या सरकारी कचेरीतले इन्स्पेक्टर साहेब. येण्याआधी फोन आला होता, त्या दिवशी गोळ्या दिल्याच नाहीत. साहेब फाइल घेऊन मॅडमच्या खोलीत बसले. चहा झाला, झेरॉक्स मशीनचा आवाज आला. मग सगळं ठीक आहे लिहून गेले."

बस आली तशी ती धावत चढली.

मालकीण प्रतिभा मुळ्ये मात्र अगदी शांत होत्या. मूळच्या ग्वाल्हेरच्या, बोलणं आदबशीर.

"मला कोणाचं वाईट करायचं नाही. बारा वर्षं मी ही माणसं सांभाळतेय. पाकिटं गेल्यावर नातेवाइकांचे फोनवर फोन आले. माझी अब्रू गेली. मंजूषाने माफी मागावी, तक्रार मागे घ्यावी, विषय संपला."

"सगळ्या एकवीस जणांचे फोन आले?"

"यादी तुमच्याकडे आहे ना? मग झालं."

शनिवारी दिवसभर कमलिनीबाईंनी त्या यादीतल्या माणसांना फोन केले. प्रत्येकाने पाकीट मिळाल्याचं सांगितलं. शेवटचं नाव उरलं, ऋतुजा करमरकर, अयोध्या नगर. फोनवर घर विचारून त्या थेट तिच्या दारात गेल्या.

"पाकीट?" ऋतुजा दारातच गोंधळली. "मला काहीच आलेलं नाही. बाबांना मी नऊ तारखेलाच तिथे ठेवलं. यादीत माझं नाव कसं?"

"अ‍ॅडमिशनच्या फॉर्मची तुमची प्रत आहे?"

तिने आणून दिली. कमलिनीबाईंनी ती वाचली आणि एकदम घराच्या पाटीकडे पाहिलं.

"चला," त्या म्हणाल्या. "तुमच्याच कॉलनीत एका घरी जायचंय."

---

रविवारी अकराला 'विश्रांती'च्या दिवाणखान्यात खुर्च्या भरल्या होत्या. प्रतिभाबाईंनीच सगळ्या नातेवाइकांना माफी ऐकायला बोलावलं होतं. पंखे फिरत होते तरी माणसं हातातल्या कागदांनी वारा घेत होती. मंजूषा भिंतीशी उभी होती, गिरीश तिच्यापासून दोन पावलं दूर.

"माफी वाचण्याआधी," कमलिनीबाई उठल्या, "ती कोणी मागायची ते ठरवू."

त्यांनी दोन्ही कागद वर धरले.

"ही मंजूषाबाईंची प्रत. शिक्का आहे, मोबाइल नंबर नाही. ही तुम्हाला आलेली. नंबर आहे, शिक्का झाकलेला आहे. तो नंबर त्यांनी कचेरीच्या कागदावर लिहिला, स्वतःच्या प्रतीवर नाही. म्हणजे तुमच्याकडे आलेली झेरॉक्स त्यांच्या घरातल्या कागदाची नाही. कचेरीतल्या कागदाची आहे. शिक्का झाकला तो एवढ्याचसाठी, की ती कचेरीतून निघाली हे कळू नये, त्यांच्या हातून आली असं वाटावं."

"मग कचेरीतल्या माणसाने वाटली असेल," प्रतिभाबाई म्हणाल्या. "नाहीतर इन्स्पेक्टरने."

"मलाही आधी तसंच वाटलं," शांतारामांनी मान डोलावली.

"इन्स्पेक्टर आठ तारखेला तो कागद घेऊन इथे आले. ते मालकीणबाईंच्या खोलीत असताना तिथलं झेरॉक्स मशीन चालू होतं. पण तेवढ्यावर मी कोणावर बोट ठेवणार नाही. ऋतुजा, दाखवा."

ऋतुजाने न फोडलेलं पाकीट वर केलं.

"हे मला काल मिळालं. एकाहत्तर नंबरच्या घरातून. ते लोक गावाला गेले होते, परवा परतले. माझं घर सतरा नंबरचं आहे. बाबांना इथे ठेवताना मी रडत होते, फॉर्मवर आकडे उलटे लिहिले."

"या पाकिटाखेरीज ही चूक जगात दोनच कागदांवर आहे," कमलिनीबाई म्हणाल्या. "एक ऋतुजाच्या घरी. दुसरा इथल्या कपाटात, ज्याची चावी एकाच पर्समध्ये असते. ऋतुजाचे वडील आले नऊ तारखेला. मंजूषाबाईंना तीन तारखेपासून इथे बंदी. इन्स्पेक्टर येऊन गेले आठला. यांच्यापैकी कोणालाही ऋतुजा नावाचं कोणी आहे हेच ठाऊक नव्हतं."

कोणीतरी खुर्ची सरकवली.

"आणि नोटीस. ती अठरा तारखेची. तिच्यात ऋतुजाला पाकीट मिळालं असं ठामपणे लिहिलंय. तेव्हा ते बंद घराच्या दारात पडून होतं. असं पाकीट निघालंय हे ऋतुजालाही माहीत नव्हतं. पाठवलं आहे एवढंच कोणाला तरी माहीत होतं. ज्याने पाठवलं त्याला."

प्रतिभाबाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मी माझीच बदनामी करीन?"

"तक्रार सरकारकडे राहिली असती तर तुम्हाला खटला भरता आला नसता. कायद्याने मंजूषाबाईंभोवती कुंपण घातलेलं होतं. ते पाडायचं तर तक्रार लोकांत जायला हवी होती. तुम्ही ती नेलीत. थोडी अब्रू खर्चून तक्रारच गाडायची."

"एकवीस माणसं आणि त्यांना सांभाळायला दोन मुली!" प्रतिभाबाई उभ्या राहिल्या. "कोणी उठून जिन्यावरून पडलं तर तुम्हीच माझ्या अंगावर धावून याल ना? दिवसाचे तीन तास शांत झोपवलं, त्यात काय एवढं बिघडलं?"

बोलून झाल्यावर त्यांना कळलं, आपण काय बोललो ते.

सगळ्यात आधी ऋतुजा उठली. कोणाला काही न विचारता आतल्या खोलीकडे गेली. तिचा आवाज ऐकू आला, "बाबा. बाबा, उठा ना." मग एकेक करून सगळेच उठले.

प्रतिभाबाई मंजूषाजवळ आल्या. "मी खटला भरणार नाही. तू तक्रार मागे घे."

"तुमचा खटला तुमच्यापाशी," मंजूषा म्हणाली. "माझी तक्रार मी मागे घेणार नाही."

---

सोमवारी सकाळी ती पुन्हा त्याच सरकारी कचेरीत होती. या वेळी अर्ज त्या इन्स्पेक्टरविरुद्ध होता. तक्रार करणाऱ्याचं नाव आणि कागद त्याने ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याच्याच हाती दिले, म्हणून. खिडकीपुढे सात माणसं होती. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभी होती.

मागून कोणीतरी तिच्या हातातला कागद घेतला. गिरीश होता. ऑफिसला न जाता आला होता, कपाळावर घाम होता.

त्याने अर्ज उभ्या उभ्या वाचला, दोनदा.

"तुझ्या सहीखाली माझ्या सहीला जागा आहे," तो म्हणाला. "पेन दे."