बारा अंड्यांची ऊब

मंगळावरच्या वस्तीत कोंबडी अजून कुणी पाहिली नव्हती. बारा अंडी मात्र आली होती, पृथ्वीवरून, गाढ झोपवून आणलेली. उबवायला ठेवून आज वीस दिवस झाले. उद्या पिल्लं बाहेर यायची, आणि आज सकाळीच उबवणपेटी थंड पडली. दुपारपर्यंत ऊब मिळाली नाही, तर पिल्लं आतच निजणार होती, कायमची.

पेटीतली तार तुटली होती. नऊ वर्षांच्या केतकीने नवी बसवली, कोठारातली सगळ्यात चकचकीत, तांब्याची. बटण दाबलं आणि फट्! फ्यूज उडाला. नवा घातला. पुन्हा फट्!

"आता पुरे, बाईसाहेब," दुरुस्तीचा यंत्रमानव ढोल्या म्हणाला. "माझ्याकडे एकच फ्यूज उरलाय."

"तू गप रे, डबड्या!" केतकी आजोबांकडे वळली. "नाना, तांब्यातून वीज छान जाते ना? मग ऊब का नाही?"

नाना म्हणजे तिचे आजोबा, वस्तीचे धातुशास्त्रज्ञ (धातूंचे स्वभाव जाणणारे). त्यांनी आधी प्लग काढला, मग अंडी आपल्या शालीत गुंडाळली.

"छान जाते, तिथेच तर घोटाळा आहे. अडवणारं कुणी नाही, म्हणून वीज लोंढ्याने सुटते अन् फ्यूज उडतो. आपल्याला हवा रोध (विजेच्या वाटेतला अडथळा). दाट गर्दीतून धक्के खात निघालीस की घाम फुटतो ना तुला? तसे विजेचे कण तारेतल्या अणूंवर आदळत गेले, की तार तापते."

"मग लोखंडाची लावू?"

"तापेल. पण लालभडक लोखंड हवेने जळतं, पापुद्रे सुटतात. निकेल आणि क्रोमियम वितळवून एक केलं, की होतो निक्रोम, एक मिश्रधातू (धातूंचं एकजीव मिश्रण). तो विजेला अडवतोही, आणि तापला की त्यातलं क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन अंगावर पातळ साय धरतं. ती साय आतल्या तारेला जळू देत नाही."

"पण तसली तार आणायची कुठून? यान यायला सात महिने!"

ढोल्याने नानांच्या टोस्टरकडे पाहिलं. त्यात निक्रोमचीच तार होती. नानांनी तो उचलून केतकीपुढे ठेवला.

"घे. पाव न भाजताही खाता येतो."

जुनी तार जेवढी लांब, तेवढीच केतकीने मोजून कापली. चिनी मातीच्या खुंट्यांवर वळसे देत बसवली. श्वास रोखून बटण दाबलं. फ्यूज शाबूत! तार हळूहळू लालसर झाली, पेटीच्या तापमापकाचा काटा सरकत सदतीस अंशांवर आला.

अंडी परत ठेवताना तिने एक कानाशी धरलं. आतून बारीक टकटक येत होती.

केतकी पेटीशी बसून राहिली. समोरच्या काचघरातल्या लाल मातीवर अजून कुठल्याच पाखराच्या पावलांची नक्षी उमटली नव्हती.

"या रे सावकाश," ती कुजबुजली, "अंगण सगळं तुमचंच आहे."