सावित्रीकाकीनं दिलेला शब्द

खोटं वाटलं तर वाटू दे. सांगणाऱ्याला त्यातून काय मिळायचंय? पण हे घडलंय. एकोणसत्तर सालच्या माघात, भाईंदरच्या गोडदेवात, सावित्रीकाकीच्या घरी.

आणि रात्री नाही... भर दुपारी.

बाळाराम तिचा धाकटा दीर. त्याची बायको शांती आदल्या चैत्रात काविळीनं गेली. दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला. कावळे जमले...

पण एकही शिवेना.

थोरल्या भावानं, सावित्रीच्या नवऱ्यानं काळूरामनं, हात जोडले. त्यांच्या आत्यानं जोडले. छे!

शेवटी सावित्री पुढे झाली. "शांते, तुज्या नवऱ्याला मी सांभाळीन. जा तू सुखानं."

फडफड झाली... कावळा शिवला.

त्यानंतर दहा महिने बाळाराम नुसता बसून. मिठागरावरचं काम सुटलं. त्याला आंघोळ घाला, घास भरवा, उठून कुठे गेला तर शोधून आणा. तीन पोरं, चूल, शेत, आणि वर हा एवढा घोडा! सावित्री कातावून गेली. जीव होता त्याच्यावर, म्हणून तर जास्तच.

त्या दुपारी त्यानं भरलं ताट भिरकावलं. सांडलेला भात गोळा करता करता तिला रडू फुटलं. बोलून गेली, "शांते, थकले गं मी. माज्यानं न्हाय होत आता. सोडव मना."

दारच्या भेंडीच्या झाडावर कावळे कलकलत होते...

एकदम गप्प झाले.

सगळे.

दुसऱ्या दिवशी बाळाराम आपला आपण उठला. आंघोळ केली. सावित्रीला कोण आनंद! तिनं भाकरी वाढली.

"भूक न्हाय, वहिनी. जेवलो."

"कुठं रे?"

"शांतीनं वाढलं."

तिनं वळून चुलीकडं पाहिलं. चूल तर आत्ता पेटली होती... आणि त्याच्या हाताला सुकटीच्या कालवणाचा वास येत होता.

बाराच्या सुमारास तो मिठागराकडे निघाला. ती मागोमाग धावली.

"कुठं चाललास?"

"ती म्हणते, वहिनीनं लय केलं. आता मोकळी कर तिला." तो हसला. दहा महिन्यांत पहिल्यांदा. "न्यायला आलीय. ती बघ, बांधावर."

बांधावर कुणी नव्हतं. पलीकडे भरतीचं पाणी चढत होतं.

सावित्रीनं त्याचं मनगट धरलं.

त्याचा दुसरा हात... पुढे ताणला गेला. कुणीतरी धरून ओढावा तसा.

"न्हाय सोडला मी!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. "चुकून बोलले गं बाय! थकले न्हाय मी!"

किती वेळ गेला, कुणास ठाऊक. ओढ अचानक सुटली. दोघं चिखलात पडली.

बाळाराम ढसाढसा रडला. "वहिनी... गेली ती."

नऊ वर्षं झाली त्याला. बाळाराम आहे, तसाच आहे. काकी एका रात्रीपुरतीही माहेरी गेलेली नाही. परवा तिला सडकून ताप होता. उभं राहवत नव्हतं, तरी त्याला घास भरवत बसली होती.

लेक म्हणाली, "आई, दमलीस गं. दे इकडं."

काकीनं झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"हळू बोल. कोण म्हणतं दमले?"

आणि दाराकडे बघून ती उगाच मोठ्यानं हसली.