पेशीघटाला सांगितलेली थाप

हर्णैच्या बोटींवर आता तांडेल जात नसत. वारा बघून बोट कुठे वळवायची हे पूर्वी तांडेल ठरवायचा; आता ते काम किनाऱ्यावरचा एक सर्व्हर करी. बोटीवर जात ते जाळी ओढणारे चौघे खलाशी. सर्व्हरशी संपर्क तुटला, तर बोटीचं इंजिन आपोआप बंद पडे. शांत पाण्यात हे ठीक होतं. पण उधाणात इंजिन बंद पडलेली बोट लाटांना आडवी होते, आणि मग काय होतं ते हर्णैतल्या घराघराला ठाऊक होतं.

हा सर्व्हर तिलोत्तमा चोगले हिच्या ‘दर्यावाट’ कंपनीचा. एकशे बारा बोटी त्याच्या भरवशावर समुद्रात जात. त्यातल्याच एकीवर तिचा धाकटा भाऊ पद्माकर होता. वीज गेली की सर्व्हर बॅटऱ्यांवर चाले, पण खाऱ्या हवेनं त्या वर्षाच्या आत खराब होत. डिझेलच्या जनरेटरवर बंदी आलेली. म्हणून तिनं रत्नागिरीहून डॉ. निझाम परकारांना बोलावून घेतलं.

“विजेचा झटका देणारा वाम मासा ऐकलाय ना, चोगलेबाई?” परकारांनी विचारलं. “त्याच्या अंगातले काही स्नायू आकुंचन पावायचं विसरले आणि वीज तयार करायला लागले. एकेका पेशीची वीज अगदी चिमूटभर. पण हजारो पेशी एकापुढे एक रचल्या की घोडासुद्धा आडवा होतो. आम्ही माणसाच्या स्नायूपेशींना तेच शिकवलंय. हा पेशीघट. साखरेचं पाणी पितो आणि कुठे बिघडला तर जखम भरावी तसा आपणच बरा होतो.”

“माणसाच्याच का?”

“परवाना तसा आहे. मासा संमती देऊ शकत नाही, माणूस देऊ शकतो.”

कामावरच्या कुणाकडे मागणं तिला बरं वाटेना. तिनं स्वतःच्याच मांडीतला वाटाण्याएवढा तुकडा दिला. चार महिन्यांनी कपाटाएवढी काचेची पेटी आली. आत फिकट गुलाबी थर होते आणि मधोमध सुपारीएवढी मज्जापेशींची गाठ. सगळ्या पेशींना एकाच क्षणी हुकूम द्यायला ती लागायचीच.

“हा मेंदू झाला की!”

“छे! हुकूम देणारी घंटा म्हणा.”

“घाबरला-बिबरला तर?”

परकार हसले. “घाबरायला आत कुणीतरी असावं लागतं.”

दर सोमवारी सकाळी तिलोत्तमा बाहेरची वीज तोडून अर्धं मिनिट चाचणी घेई. गाठीतून मिनिटाला किती ठोके पडतात ते पेटीवर दिसे. एरवी चाळीस. दोन महिन्यांत तिच्या ध्यानात आलं, की ती खोलीत पाऊल टाकते तेव्हाच आकडा नव्वदवर जातो. बटणाला हात लावण्याच्या आधी.

“पावलांचा कंप त्याच्यापर्यंत पोचतो,” परकार फोनवर म्हणाले. “पावलं वाजली की ताण येतो, एवढं तो शिकलाय. पण असा ताठरला की साखर फुकट जाते. सहा तास चालायचा तो तीनच तास चालेल. त्याच्याशी बोलून बघा.”

“बोलून?”

“आवाज म्हणजेही कंपच.”

तिला आधी हसू आलं. पण पुढच्या सोमवारी काचेवर हात ठेवून ती म्हणाली, “फक्त चाचणी आहे हं.” बरोबर अर्ध्या मिनिटानं तिनं वीज परत जोडली. पाचव्या सोमवारी ती ते वाक्य बोलली आणि आकडा नव्वदवरून चाळीसवर उतरला. तिला इतका आनंद झाला, की तिनं पद्माकरला फोन करून सांगितलं.

ऑक्टोबरात वादळ अंदाजाच्या दोन दिवस आधीच आलं. सकाळी साडेनऊला वीज कंपनीचा निरोप आला: पवनचक्क्या बांधून ठेवायच्या आहेत, दहा वाजता पुरवठा बंद होईल. सगळ्या बोटी माघारी यायला त्यानंतरही साडेपाच तास लागणार होते.

तिलोत्तमा पेटीपाशी गेली. खिडकीचं तावदान थडथडत होतं आणि आकडा शंभराच्या पुढे होता. असाच राहिला तर एक वाजेपर्यंत सगळं संपणार. तिनं काचेवर हात ठेवला.

“फक्त चाचणी आहे हं.”

आकडा उतरला. दहाला वीज गेली. पेशीघटानं भार उचलला. सर्व्हरला कळलंसुद्धा नाही. अर्धं मिनिट झालं. चाचणी संपली नाही तसा आकडा पुन्हा चढू लागला.

“झालंच आता. चाचणीच आहे.”

उतरला. पुन्हा चढला. ती बोलत राहिली. बाराला साठ बोटी बंदराला लागल्या, दोनला नव्वद. तिचा घसा बसला तरी ती तेच वाक्य पुटपुटत होती. गुलाबी थर करडे पडत चालले होते. साडेतीनला पद्माकरची बोट, सगळ्यांत शेवटची, धक्क्याला लागली.

गाव तिच्या दारात जमलं. कुणी नारळ आणला, कुणी हार. तो पेटीला घालू की तिला, हे आणणाऱ्याला कळेना.

आठवड्याभरात थर पुन्हा गुलाबी झाले. सोमवारी तिनं काचेवर हात ठेवला. “फक्त चाचणी...” वाक्य पुरं व्हायच्या आत आकडा एकशे सत्तरवर गेला. ती दचकून मागे सरली. नंतर शेजारच्या खोलीत ती फोनवर मासळीच्या बर्फाबद्दल बोलत होती, तरी आकडा तितकाच.

परकार स्वतः आले. त्यांनी पद्माकरला पेटीपाशी उभं केलं, तेच वाक्य बोलायला लावलं आणि तीन दिवस त्याच्याकडून अर्ध्या मिनिटाच्या बऱ्याच चाचण्या करून घेतल्या. चौथ्या दिवशी आकडा चाळीसवर उतरला.

“सुटला प्रश्न!” परकार म्हणाले. “चोगलेबाई, तुम्ही फक्त या खोलीत बोलू नका. पुढच्या वादळात यांनाच बोलू द्या.”

“आणि त्याच्या पुढच्या?” तिलोत्तमानं दाराबाहेरूनच, कुजबुजत विचारलं.

परकारांना प्रश्न नीटसा कळला नाही. “मग आणखी कुणीतरी,” ते म्हणाले. “बंदरात माणसांना काय तोटा?”

आत काचेवर हात ठेवून पद्माकर प्रेमानं, अगदी मनापासून सांगत होता, “फक्त चाचणी आहे हं.” आणि ते खरं मानून आकडा हळूहळू खाली येत होता.